रुग्णालयातील प्रतिजैविके : तिसऱ्या दिवशीचा निर्णय कोणी घ्यायचा?

मा. संपादक,

सप्रेम नमस्कार.

दरवर्षी १८ ते २४ नोव्हेंबर हा आठवडा प्रतिजैविकांना न जुमानणाऱ्या जंतूंविषयी जनजागृती करण्यासाठी जगभर पाळला जातो. त्या निमित्ताने आपल्याकडेही जिल्हा रुग्णालयापासून औषधाच्या दुकानापर्यंत फलक लागतात आणि त्यांवर बहुधा एकच सूचना असते, की डॉक्टरांच्या सल्ल्याशिवाय अँटिबायोटिक घेऊ नका. सूचना योग्यच आहे, परंतु ती रुग्णाला उद्देशून आहे. आणि या प्रश्नाचा सर्वांत गंभीर भाग जिथे घडतो, त्या वॉर्डात आणि अतिदक्षता विभागात औषध निवडणारा रुग्ण नसतोच. सलाईनच्या नळीतून आपल्या अंगात कोणते इंजेक्शन जात आहे, हे तिथल्या खाटेवरच्या माणसाला ठाऊकही नसते. म्हणून हे पत्र रुग्णालयांविषयी आहे, आणि त्यातही एका नेमक्या गोष्टीविषयी आहे : प्रतिजैविक सुरू केल्यानंतर तिसऱ्या दिवशी ते चालू ठेवायचे, बदलायचे की बंद करायचे, हा निर्णय आपल्या बहुतेक रुग्णालयांत ठरवून असा कोणीच घेत नाही.

मी एकतीस वर्षे सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ म्हणून पश्चिम महाराष्ट्रातील रुग्णालयांच्या प्रयोगशाळांत काम करून निवृत्त झाले आहे. डॉक्टर ज्याला ‘कल्चर-सेन्सिटिव्हिटी’ म्हणतात, ते आमचे रोजचे काम. रुग्णाच्या रक्तातून, लघवीतून किंवा जखमेच्या पुवातून वाढवलेला जंतू अगार या जेलीसारख्या, फिकट पिवळसर पदार्थाच्या बशीवर सारखा पसरायचा, त्यावर निरनिराळ्या प्रतिजैविकांच्या कागदी चकत्या ठेवायच्या आणि बशी रात्रभर उबवण यंत्रात ठेवायची. सकाळी झाकण उघडले की ज्या औषधाला जंतू दाद देतो, त्या चकतीभोवती स्वच्छ वर्तुळ दिसते. बाकी सगळीकडे जंतूंची साय धरलेली असते. ते वर्तुळ आम्ही पट्टीने मिलिमीटरमध्ये मोजतो. नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत बशीवर मोठी, एकमेकांना भिडणारी वर्तुळे दिसत. निवृत्तीआधीच्या वर्षांत मात्र अतिदक्षता विभागातून आलेल्या क्लेबसिएल्ला किंवा अ‍ॅसिनेटोबॅक्टर या जंतूंच्या कित्येक बशा अशा निघत, की सहाच्या सहा चकत्या सायीत बुडालेल्या, एकीभोवतीही वर्तुळ नाही. मग दुसऱ्या बशीवर पुढच्या सहा चकत्या लावायच्या. त्यांचीही तीच गत झाली तर कोलिस्टिनची वेगळी चाचणी करायची, कारण ती चकतीने विश्वासार्ह होत नाही. मूत्रपिंडाला अपाय होतो म्हणून १९७० च्या दशकात डॉक्टरांनी बहुतांशी बाजूला ठेवलेले हे जुने औषध आज आमच्या अहवालात शेवटच्या ओळीत येते, आणि कधी कधी त्याच्यापुढेही ‘रेझिस्टंट’, म्हणजे दाद न देणारा, असेच लिहावे लागते. असा अहवाल सही करून वॉर्डात पाठवताना हात जड होतो. त्या कागदावर रुग्णाचे वयही लिहिलेले असते.

असे जंतू निर्माण कसे होतात, याबद्दलचा एक समज आधी दूर करायला हवा. प्रतिजैविक दिल्याने रुग्णाचे शरीर त्या औषधाला ‘सरावते’ असे लोक म्हणतात. सराव शरीराला होत नाही, बदल जंतूंच्या समूहात होतो. शिरेतून दिलेले औषध केवळ फुप्फुसातल्या किंवा लघवीतल्या आजारकारक जंतूंपर्यंत पोहोचून थांबत नाही. आतड्यात, त्वचेवर, घशात राहणाऱ्या कोट्यवधी निरुपद्रवी जंतूंनाही ते गाठते. त्यांतले औषधाला बळी पडणारे मरतात, तग धरणारे उरतात आणि मोकळ्या झालेल्या जागेत वाढतात. ई. कोलायसारखा जंतू अनुकूल स्थितीत साधारण वीस मिनिटांत दुप्पट होतो, त्यामुळे या उलथापालथीला महिने लागत नाहीत. शिवाय तग धरण्याची ही क्षमता ज्या जनुकांत असते, ती जनुके एका जातीचा जंतू दुसऱ्या जातीच्या जंतूला देऊ शकतो. मग नर्सच्या हातावरून, खाटेच्या कठड्यावरून, लघवीच्या नळीवरून किंवा व्हेंटिलेटरच्या जोडण्यांवरून हे जंतू शेजारच्या खाटेवर जातात. रक्तदाबाची गोळी एकाने अनावश्यक घेतली तर तिचा परिणाम शेजाऱ्यावर होत नाही; प्रतिजैविकाचे तसे नाही. सात नंबरच्या खाटेवर विनाकारण चार दिवस जास्त चाललेल्या मेरोपेनेम या, अनेक जातींच्या जंतूंवर एकाच वेळी मारा करणाऱ्या प्रतिजैविकाची किंमत आठ नंबरच्या खाटेवरचा माणूस मोजतो, आणि या दोघांची कदाचित ओळखही नसते.

केंद्र सरकारच्या राष्ट्रीय रोग नियंत्रण केंद्राने नोव्हेंबर २०२१ ते एप्रिल २०२२ या काळात देशातील २० मोठ्या रुग्णालयांत एक पाहणी केली होती आणि तिचे निष्कर्ष जानेवारी २०२४ मध्ये प्रसिद्ध झाले. पाहणीत आलेल्या ९,६५२ दाखल रुग्णांपैकी ७१.९ टक्के रुग्णांना प्रतिजैविके चालू होती. त्याहून महत्त्वाचे म्हणजे त्यांतील ५५ टक्के औषधे झालेल्या संसर्गावर उपचार म्हणून दिलेली नव्हती, तर पुढे संसर्ग होऊ नये म्हणून आधीच दिलेली होती. आणि जी उपचार म्हणून दिली होती, त्यांतही आजार नेमक्या कोणत्या जंतूमुळे झाला आहे हे निश्चित करून दिलेल्यांचे प्रमाण अवघे ६ टक्के होते. ही रुग्णालये तालुक्याच्या गावातली नव्हती. तज्ज्ञ, प्रयोगशाळा आणि विद्यार्थी डॉक्टर हाताशी असलेल्या संस्थांची ही स्थिती असेल, तर तीस खाटांच्या खासगी नर्सिंग होममध्ये काय होत असेल याची कल्पना करता येते.

या आकड्यांवरून डॉक्टरांना दोषी ठरवून मोकळे होणे मला मान्य नाही. मी त्यांच्याबरोबर आयुष्य काढले आहे. रात्री दोन वाजता रक्तदाब खाली गेलेला, थंडीने थरथरणारा रुग्ण समोर असताना कल्चरच्या अहवालासाठी थांबणे हा गुन्हा ठरेल. अशा वेळी व्यापक मारा करणारे औषध तासाभरात सुरू करणे हेच शास्त्र आहे. रुग्ण आमच्याकडे येतो तेव्हा गावातल्या डॉक्टरकडची दोन-तीन प्रतिजैविके त्याच्या पोटात गेलेली असतात, त्यामुळे कल्चरमध्ये काहीच वाढत नाही. रात्री प्रयोगशाळा बंद असते. नातेवाईक दारात उभे असतात, आणि काही कमी-जास्त झाले तर केवळ प्रश्न विचारून ते थांबतीलच याची खात्री डॉक्टरला नसते. अशा भीतीत माणूस सर्वांत जोरकस औषध लिहितो. मी औषध सुरू करण्याबद्दल तक्रार करत नाही. तक्रार आहे ती त्याच्या नंतरच्या दिवसांबद्दल.

एक प्रसंग सांगते. मी नोकरी करत असलेल्या एका रुग्णालयात पंचावन्न वर्षांच्या, मधुमेह असलेल्या एक बाई रात्री दाखल झाल्या. लघवीतला संसर्ग रक्तात उतरला होता. ड्यूटीवरच्या तरुण डॉक्टरांनी आधी रक्त आणि लघवी कल्चरसाठी घेतली आणि मगच मेरोपेनेम सुरू केले. इतके शिस्तीत काम फार थोडे लोक करतात. तिसऱ्या दिवशी दुपारी अहवाल तयार झाला. जंतू साधा ई. कोलाय होता, आणि सेफ्ट्रिअ‍ॅक्सोन, अ‍ॅमिकॅसिन अशा जुन्या, स्वस्त औषधांनाही तो दाद देत होता. माझ्या बशीवर इतकी सुरेख वर्तुळे मी कित्येक दिवसांत पाहिली नव्हती. अहवालाखाली मी हाताने तसे लिहिलेही. आमच्या प्रयोगशाळेच्या शिपाई मामांनी नेहमीप्रमाणे कागदाची चौघडी घालून तो वॉर्डात पोहोचवला. नवव्या दिवशी त्याच बाईंच्या रक्ताची बाटली पुन्हा माझ्याकडे आली, कारण ताप परत चढला होता, आणि या वेळी रक्तात कॅन्डिडा ही बुरशी वाढली. व्यापक प्रतिजैविके लांबत गेली आणि औषधांसाठी मानेतल्या शिरेत घातलेली नळी तशीच राहिली, की हे होण्याची शक्यता वाढते हे पाठ्यपुस्तकातले ज्ञान आहे. मी स्वतः वॉर्डात गेले. फाइलच्या मागच्या खिशात माझा तिसऱ्या दिवशीचा अहवाल होता. त्याची चौघडी मामांनी घातली होती तशीच होती. कागद उघडलाच गेला नव्हता. मेरोपेनेम दिवसातून तीन वेळा, न चुकता चालू होते.

त्या रुग्णालयात कोणी कामचुकार नव्हते. मोठे डॉक्टर सकाळी सातला आणि रात्री नऊला राउंड घेत. अहवाल दुपारी एकला आला. दिवसपाळीचे डॉक्टर बदलले होते. सिस्टरांकडे एकटीकडे बावीस रुग्ण होते आणि लिहिलेले औषध वेळेवर देणे हे त्यांचे काम होते, ते त्या चोख करत होत्या. केस पेपरवर रोज सकाळी ‘उपचार तेच चालू’ अशी एक ओळ लिहिली जात होती. औषध सुरू करणारा एक माणूस होता, चालू ठेवणारे चार होते, थांबवणारा कोणीही नेमलेला नव्हता. बाई तीन आठवड्यांनी बऱ्या होऊन घरी गेल्या, याचे मला आजही समाधान आहे. बिलाच्या खिडकीशी त्यांचे यजमान भेटले तेव्हा दोन दुभत्या म्हशी विकल्याचे त्यांनी सांगितले. बिलातला मोठा भाग कोणत्या दिवसांचा होता, हे मला माहीत होते आणि त्यांना माहीत नव्हते.

शस्त्रक्रियेच्या वेळी दिल्या जाणाऱ्या प्रतिजैविकांचे चित्रही असेच आहे. चीर देण्यापूर्वीच्या दोन तासांत योग्य औषधाचा, बहुतेक शस्त्रक्रियांत सेफॅझोलिनसारख्या जुन्या औषधाचा, एक डोस द्यायचा आणि शस्त्रक्रिया संपल्यावर केवळ प्रतिबंधासाठी ते लांबवायचे नाही, अशी जागतिक आरोग्य संघटनेची २०१६ पासून स्पष्ट शिफारस आहे. जखम उघडी असताना रक्तात औषध हवे, जखम शिवल्यानंतर दिलेले औषध टाका पिकण्यापासून वाचवत नाही, एवढे हे सरळ आहे. आपल्याकडे मात्र हर्नियासारख्या स्वच्छ शस्त्रक्रियेनंतरही पाच दिवस इंजेक्शने आणि घरी जाताना पाच दिवसांच्या गोळ्या, हा पायंडा पडून गेला आहे. सिझेरियननंतरच्या डिस्चार्ज कार्डावर प्रतिजैविक नाही असे क्वचितच दिसते. शल्यचिकित्सकांना विचारले तर ते म्हणतात, ‘आमच्या ऑपरेशन थिएटरची आम्हाला खात्री नाही.’ हे उत्तर मी प्रामाणिक मानते. पण मग खर्च आणि श्रम थिएटरवर, उपकरणे निर्जंतुक करणाऱ्या ऑटोक्लेव्हवर आणि हात धुण्यावर व्हायला हवेत. ती उणीव गोळ्यांनी भरून निघत नाही.

आणखी एक शब्द वॉर्डात सतत कानावर येतो : ‘हायर अँटिबायोटिक’. जणू प्रतिजैविकांची एक शिडी आहे आणि वरच्या पायरीवरचे औषध खालच्यापेक्षा नेहमीच बलवान आहे. नातेवाईकही तेच मागतात, ‘साहेब, पैशाचा विचार करू नका, स्ट्राँग द्या.’ २०१८ च्या पावसाळ्यात नागपूर आणि विदर्भात स्क्रब टायफसचे रुग्ण मोठ्या संख्येने आढळले होते. गवता-झुडपांतल्या बारीक किड्याच्या चाव्यातून होणारा हा ताप वेळेत ओळखला नाही तर जीव घेतो. अंगावर कुठेतरी सिगारेटचा चटका बसल्यासारखी काळी खपली दिसली तर निदान सोपे होते, पण ती काखेत किंवा जांघेत असते आणि कपडे काढून तपासल्याशिवाय सापडत नाही. या आजारावर डॉक्सिसायक्लिन ही अत्यंत स्वस्त गोळी उत्तम काम करते. सेफ्ट्रिअ‍ॅक्सोन, पिपरासिलिन, मेरोपेनेम यांपैकी एकाचाही त्या जंतूवर उपयोग होत नाही, मग ते कितीही महाग असोत. तसेच घसा सुजवणारा आणि पुढे हृदयाच्या झडपांना इजा करू शकणारा स्ट्रेप्टोकॉकस पायोजिनिस हा जंतू आजही, पेनिसिलिनचा शोध लागून शतक होत आले तरी, पेनिसिलिनलाच बळी पडतो. योग्य औषध आणि ‘हायर’ औषध या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे रुग्णालयाच्या प्रत्येक पायरीवरच्या माणसाला पटायला हवे.

पेनिसिलिनचा उल्लेख आला म्हणून थोडे विषयाच्या कडेला जाते. स्वतंत्र भारतात हे औषध मुबलक मिळावे यासाठी जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांच्या साह्याने १९५४ मध्ये पिंपरीला हिंदुस्थान अँटिबायोटिक्स ही सरकारी कंपनी उभी राहिली. पेनिसिलिनच्या एका कुपीसाठी लोक वणवण करत, त्या काळाच्या आठवणी माझ्या आईकडून मी ऐकल्या आहेत. ज्या पिढीने औषध नसताना बाळंतिणी आणि लहान मुले गमावली, तिला त्याची किंमत सांगावी लागली नाही. पेनिसिलिनचे संशोधक अलेक्झांडर फ्लेमिंग यांनी तर १९४५ सालच्या नोबेल व्याख्यानातच इशारा देऊन ठेवला होता, की अपुऱ्या मात्रेत वापरले तर जंतू या औषधाला न जुमानणारे होतील. म्हणजे ही आपत्ती अनपेक्षित नव्हती.

आपल्या महाराष्ट्रालाही वेळेत सूचना मिळाली होती. प्रतिजैविकांच्या कार्बापेनेम या प्रभावी गटाला (मेरोपेनेम याच गटातले) निष्प्रभ करणाऱ्या, जंतूंनी तयार केलेल्या एनडीएम-१ या विकराची (एन्झाइमची) नोंद मुंबईतील डॉक्टरांनी २०१० मध्येच प्रसिद्ध केली होती. त्याच वर्षी परदेशी नियतकालिकात त्याविषयीचा मोठा शोधनिबंध आला आणि नावात ‘नवी दिल्ली’ असल्यामुळे देशात गदारोळ झाला. देशाच्या बदनामीवर जितकी चर्चा झाली, तितकी वॉर्डातल्या हातांच्या स्वच्छतेवर झाली असती तर आज बरेच वेगळे दिसले असते, असे मला प्रामाणिकपणे वाटते. त्यातूनही चांगले काही झाले. २०१२ मध्ये देशभरातील वैद्यकीय संघटनांनी एकत्र येऊन ‘चेन्नई जाहीरनामा’ केला. मार्च २०१४ पासून ‘एच-१’ ही औषधांची अनुसूची लागू झाली आणि तिच्यातील प्रतिजैविके विकताना डॉक्टर व रुग्ण यांची नोंद ठेवणे दुकानदाराला बंधनकारक झाले. २०१७ मध्ये राष्ट्रीय कृती आराखडा आला. जानेवारी २०२४ मध्ये आरोग्य सेवा महासंचालकांनी वैद्यकीय महाविद्यालयांतील डॉक्टरांना पत्र लिहून प्रतिजैविक लिहिताना ते कोणत्या कारणासाठी देत आहोत हे चिठ्ठीवर नोंदवावे, असे आवाहन केले. एच-१ चा रोख मुख्यतः दुकानावर आहे. रुग्णालयाच्या आतल्या औषधालयातून वॉर्डात जाणाऱ्या कुपीला ती अडवत नाही, कारण चिठ्ठी तर असतेच. ती चिठ्ठी आजही गरजेची आहे का, हा प्रश्न कायदा विचारत नाही.

तो प्रश्न विचारण्याची पद्धत अवघड नाही. जिथे ती नीट राबवली जाते तिथे फिजिशियन, सर्जन, सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ, औषधनिर्माता आणि संसर्ग नियंत्रणाची जबाबदारी असलेली परिचारिका यांची एक छोटी समिती असते. गेल्या सहा महिन्यांत किंवा वर्षभरात आपल्या रुग्णालयात कोणते जंतू सापडले आणि ते कोणत्या औषधांना किती टक्के दाद देतात, याचा तक्ता प्रयोगशाळा तयार करते. त्याला अँटिबायोग्राम म्हणतात. त्या तक्त्यावरून रुग्णालय आपले धोरण ठरवते, म्हणजे लघवीच्या संसर्गाला आमच्याकडे पहिले औषध कोणते, न्यूमोनियाला कोणते. मुंबईच्या अतिदक्षता विभागाचा तक्ता कणकवलीच्या रुग्णालयाला चालत नाही, म्हणून तो प्रत्येकाचा स्वतःचा हवा. कोलिस्टिन, मेरोपेनेम अशी मोजकी औषधे लिहिताना कारण लिहावे लागते. आणि प्रत्येक प्रतिजैविकाचा ४८ ते ७२ तासांनी नावानिशी फेरविचार होतो : जंतू सापडला का, साध्या औषधावर येता येईल का, शिरेतून देण्याऐवजी तोंडाने देता येईल का, संसर्ग नव्हताच असे दिसते तर बंद करायचे का. यांतल्या कोणत्याही गोष्टीसाठी परदेशी यंत्र लागत नाही. केरळने २०१८ मध्ये राज्याचा स्वतंत्र कृती आराखडा केला आणि त्याचा पाठपुरावा नेटाने चालवला आहे. आपल्याला तिकडे जाऊन पाहायला काहीच हरकत नाही.

यात कल्चर नीट घेणे हा पाया आहे आणि तिथेच आपण सर्वाधिक कच्चे आहोत. मोठ्या माणसाच्या रक्ताच्या कल्चरसाठी प्रत्येक बाटलीत ८ ते १० मिलिलिटर रक्त हवे, दोन वेगवेगळ्या जागांहून घेतलेले आणि औषधाचा पहिला डोस जाण्याआधी. प्रत्यक्षात आमच्याकडे एकच बाटली येते, तिच्यात दोन-तीन मिलिलिटर रक्त असते आणि औषध सुरू होऊन दीड दिवस झालेला असतो. मग काही वाढत नाही, आणि ‘कल्चरचा काही उपयोग होत नाही’ असे म्हणून पुढच्या वेळी तेही पाठवले जात नाही. उलट लघवीत जंतू सापडले पण रुग्णाला कसलाच त्रास नाही, अशा कित्येकांना निव्वळ अहवाल पाहून औषध दिले जाते. गर्भवती किंवा लघवीच्या मार्गाची शस्त्रक्रिया होणार असलेले रुग्ण सोडले तर बहुतेकांना त्याची गरज नसते.

नवी औषधे येतील आणि प्रश्न सुटेल, ही आशा अनेक जण बाळगून असतात. भारतात विकसित झालेले नॅफिथ्रोमायसिन हे न्यूमोनियावरील प्रतिजैविक नोव्हेंबर २०२४ मध्ये जाहीर झाले, याचा मलाही अभिमान वाटला. पण त्यामागे सुमारे १४ वर्षांचे संशोधन होते. जंतूला इतका वेळ लागत नाही. २०१९ या एका वर्षात जगभरात सुमारे १२ लाख ७० हजार मृत्यू थेट प्रतिरोधी जंतूंमुळे झाल्याचा अंदाज आहे आणि त्यांतले सुमारे ३ लाख भारतातले होते. सप्टेंबर २०२४ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत देशांनी २०३० पर्यंत या प्रश्नाशी निगडित मृत्यू १० टक्क्यांनी कमी करण्याचे मान्य केले आहे. ते कमी होणार असतील तर आहेत त्याच औषधांच्या जपून वापरामुळे होतील.

राज्य सरकारकडे माझी मागणी मर्यादित आहे. खासगी रुग्णालयांची नोंदणी ज्या शुश्रूषागृह कायद्याखाली होते, त्याच्या नियमांत २०२१ मध्ये सुधारणा होऊन रुग्णहक्कांची सनद आणि दरपत्रक दर्शनी भागात लावणे बंधनकारक झाले. त्याच नियमांत प्रतिजैविक धोरण, फेरविचाराची नोंद आणि संसर्ग नियंत्रणासाठी नेमलेली परिचारिका यांचीही अट घालावी. केस पेपरच्या औषधांच्या पानावर प्रत्येक प्रतिजैविकासमोर तीन रकाने छापावेत : कशासाठी, कल्चर पाठवले का, आणि फेरविचाराची तारीख. तिसऱ्या रकान्याची तारीख उलटली की सिस्टरांनी पुढचा डोस देण्यापूर्वी डॉक्टरांना विचारायचे, असा लेखी अधिकार त्यांना द्यावा. हा अधिकार नसल्यामुळे अनुभवी सिस्टर सर्व काही दिसत असूनही गप्प राहतात, हे मी पाहिले आहे. महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत रुग्णालयाला पॅकेजची एकगठ्ठा रक्कम मिळते, त्यामुळे कल्चर पाठवणे हा रुग्णालयाला स्वतःच्या खिशातला खर्च वाटतो. त्या योजनेत कल्चरची रक्कम वेगळी द्यावी आणि उपचार संपल्यावर अहवाल पाहावा. लहान नर्सिंग होमना पूर्णवेळ सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ परवडणार नाही, पण तालुक्यातल्या दहा-बारा जणांनी मिळून एक नेमणे शक्य आहे, आणि उपजिल्हा रुग्णालयांत कल्चरची सोय झाली तर त्यांचे निम्मे काम होईल. ज्या सिस्टरकडे बावीस रुग्ण आहेत, तिच्याकडून प्रत्येक रुग्णाआधी हात धुण्याची अपेक्षा ठेवताना वॉर्डातली पदे भरली आहेत का, हेही सरकारने पाहायला हवे. प्रसूती विभागात हात धुतल्याने बाळंतिणींचे मृत्यू घटतात हे व्हिएन्नात सेमेलवाइस यांनी १८४७ मध्ये दाखवून दिले. त्याला पावणेदोनशे वर्षे होऊन गेली आणि आजही कित्येक वॉर्डांत बेसिनशेजारी साबण नसतो.

नातेवाईकांना मी हात जोडून एकच सांगेन. ‘स्ट्राँग औषध द्या’ असा आग्रह धरण्याऐवजी डॉक्टरांना शांतपणे तीन गोष्टी विचारा. कल्चर पाठवले आहे का? अहवाल कधी येणार? आला की हे औषध बदलता येईल का? यात अविश्वास नाही. चांगल्या डॉक्टरला असा प्रश्न आवडतो, कारण त्याला औषध कमी करण्याचे धैर्य त्यातून मिळते.

आपल्या वृत्तपत्राकडेही एक विनंती आहे. आपल्या वार्ताहरांनी आपापल्या जिल्ह्यातील सरकारी आणि मोठ्या खासगी रुग्णालयांना लेखी विचारावे, की गेल्या वर्षाचा तुमचा अँटिबायोग्राम तयार आहे का, प्रतिजैविक समितीची शेवटची बैठक कोणत्या तारखेला झाली आणि मेरोपेनेम व कोलिस्टिनच्या किती कुप्या वर्षभरात लागल्या. ज्यांनी उत्तर दिले त्यांची उत्तरे आणि ज्यांनी दिले नाही त्यांची नावे आपण छापावीत. आकडे कसे वाचायचे यासाठी मदत लागली तर मी आणि माझ्यासारखे निवृत्त सहकारी कोणतेही मानधन न घेता ती करायला तयार आहोत.

कळावे,
आपली विश्वासू,
एक निवृत्त सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ, सांगली